नळाला गढूळ पाणी आलं की आधी खालच्या टाकीचं झाकण उघडा

पावसाळा सुरू झाला की ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच फोटो फिरू लागतो, स्टीलच्या पेल्यात पिवळसर पाणी. मग धरणात गाळ आला, महापालिकेने पाणी न गाळताच सोडलं, असं सगळं बोलून होतं. तक्रार करायलाच हवी. पण पाणी नेमकं कुठे बिघडलं हे न शोधता केलेल्या तक्रारीतून फारसं काही निघत नाही. बहुतेक वेळा बिघाड शेवटच्या पन्नास-शंभर मीटरमध्ये सापडतो. रस्त्याखालून गेटपर्यंत येणारी जोडणी, सोसायटीची खालची टाकी आणि गच्चीवरची टाकी, एवढाच तो पट्टा.

आपलं पाणी येतं कुठून ते आधी पाहू. नवी मुंबई महापालिकेचं पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून येतं आणि भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होतं. ऐरोली-दिघ्याकडच्या काही भागाला एमआयडीसीचं पाणी आहे. उलवे, द्रोणागिरी, खारघरकडे सिडको हेटवणे धरणाचं पाणी आणते. ठाण्याला एकच स्रोत नाही. भातसा नदीवर पिसे इथे पाणी उचलून टेमघरला शुद्ध करणारी महापालिकेची स्वतःची योजना आहे, उल्हास नदीवरून पाणी देणारी स्टेम ही संस्था आहे, मुंबई महापालिकेकडून मिळणारं पाणी आहे, आणि कळवा-मुंब्रा-दिव्याकडे एमआयडीसीचं, म्हणजे बारवी धरणातून सोडून जांभूळला उचललेलं पाणी आहे. म्हणून 'ठाण्याचं पाणी खराब आहे' या वाक्यातून काहीच कळत नाही. तुमची इमारत कोणत्या योजनेवर, कोणत्या जलकुंभावर आणि कोणत्या व्हॉल्व्हवर आहे, ते व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारून लिहून ठेवा. त्याच व्हॉल्व्हवरच्या शेजारच्या दोन इमारतींत पाणी स्वच्छ असेल, तर दोष तुमच्या आवारात आहे.

घाण आत शिरते कशी? आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला सुटतं. सुटलेलं असताना पाइपात दाब असतो, त्यामुळे भोकातून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होताना आत ओढ तयार होते आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत येतं. ते भोक गटारात बुडालेलं असेल तर पुढचं सांगायला नको. लोकमान्यनगर, वागळे इस्टेट, कळव्याच्या डोंगराळ वस्त्या, दिघा अशा दाट भागांत अर्ध्या-पाऊण इंचाचे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप गटारातूनच नेलेले दिसतात. लोखंड बाहेरून गंजतं आणि सुईएवढं भोक पडलं तरी पुरतं. त्यात कोणी लाइनला थेट मोटर लावली की ही ओढ कितीतरी वाढते, आणि मोटर एकाने लावली तरी घाण त्या लाइनवरच्या सगळ्यांच्या घरात जाते. लाइनला मोटर लावणं बेकायदा आहेच, पण माझ्या मते दूषित पाण्याचं ते सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण आहे.

हे ओळखायची सोपी रीत आहे. पाणी सुटताच, टाकीत पडण्याआधी, पहिल्या मिनिटाचं पाणी काचेच्या बाटलीत भरा. दहा मिनिटांनी दुसरी बाटली भरा. पहिलीला गटाराचा वास येतो आणि दुसरी स्वच्छ आहे, असं असेल तर तुमच्या जोडणीला कुठेतरी भोक आहे आणि प्लंबरला गेटपासून मीटरपर्यंतची लाइन उघडायला सांगा. दोन्ही बाटल्या सारख्याच घाण असतील तर दोष मागच्या मोठ्या लाइनमध्ये आहे आणि ते काम पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचं आहे. दुरुस्तीसाठी शटडाऊन झाल्यावर पहिलं पाणी तांबूस येतं. तो बहुतेक गंज आणि तळाचा गाळ असतो. तो टाकीत न घेता वाहू द्या. पांढरट, दुधासारखं पाणी पेल्यात खालून वर निवळत मिनिटा-दोन मिनिटांत स्वच्छ झालं तर ती फक्त हवा, घाबरू नका. वरून खाली निवळत गेलं आणि तळाशी थर बसला, तर तो गाळ आहे.

आता खालची टाकी. याच जागेकडे कोणी बघत नाही. वाशी, सानपाडा, कोपरखैरणे, नेरूळच्या जुन्या इमारतींमध्ये ती पार्किंगच्या खाली असते. झाकण फरशीच्या पातळीत असतं आणि ड्रेनेजचं चेंबर दोन हातांवर. गाड्या धुतलेलं पाणी सरळ झाकणाच्या फटीतून आत उतरतं. झाकणाची कड फरशीपासून निदान सहा इंच वर उचलून घ्या, आणि झाकण वरून खाली टोपीसारखं बसणारं हवं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी लावा. तो पाइप कधीही गटारात बुडलेला नसावा. पाणी आत सोडणाऱ्या पाइपाचं, म्हणजे इनलेटचं, तोंडही ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर राहायला हवं. ते पाण्यात बुडालेलं असेल, तर लाइन रिकामी होताना तुमच्याच टाकीतलं पाणी उलटं ओढून गावभर जातं.

खाडी बुजवून वसवलेल्या भागात जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असते, पावसाळ्यात तर फारच. टाकीच्या भिंतीला तडा असेल तर बाहेरचं पाणी आत झिरपतं. याची चाचणी फुकट होते. रात्री इनलेट आणि पंप दोन्ही बंद करा, भिंतीवर खडूने पातळीची खूण करा आणि सकाळी बघा. पातळी वाढली असेल तर बाहेरचं पाणी आत येतंय. कमी झाली असेल तर टाकी गळतेय, आणि जी टाकी भरलेली असताना गळते ती रिकामी असताना घाण आत घेते. ही चाचणी उन्हाळ्यात एकदा आणि जुलैत एकदा करा, कारण दोन्ही वेळचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बहुतेक लोक आरओ विकत घेण्यासाठी वापरतात. मला तो चोर शोधायला जास्त उपयोगी वाटतो. सह्याद्रीच्या पावसाचं धरणातलं पाणी मऊ असतं, टीडीएस सहसा दोनशेच्याही आत. इनलेटला जो आकडा दिसतो त्यापेक्षा खालच्या टाकीत तो ठळकपणे जास्त आला, तर जमिनीतलं, खाडीचं किंवा सांडपाणी मिसळतंय असं समजा. पण जंतू टीडीएस मीटरवर दिसत नाहीत. पन्नास टीडीएसचं पाणीही कावीळ देऊ शकतं.

त्याच न्यायाने, घरोघरी आरओ लावण्यात मला अर्थ दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. दोनशेच्या आतलं पाणी आरओतून काढायचं आणि एका पेल्यामागे दोन-तीन पेले मोरीत सोडायचे, तेही पाणीकपातीच्या दिवसांत, हे पटत नाही. महापालिकेच्या पाण्यासाठी गाळणी आणि यूव्ही पुरतं. बोअरवेल किंवा टँकरवर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

क्लोरीनची चाचणी प्रत्येक सोसायटीने शिकलीच पाहिजे. ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन वापरून पाण्यातलं क्लोरीन दाखवणारं किट, स्वस्त असतं. नळीत पाणी घ्यायचं, किटवर लिहिलेले थेंब टाकायचे आणि पिवळा रंग लगेच पट्टीशी जुळवायचा. उशीर केला तर आकडा फसवा येतो. शिल्लक क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा. चार ठिकाणी तपासा: इनलेट, खालची टाकी, गच्चीची टाकी आणि सर्वांत लांबच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातला नळ. इनलेटला ०.२ च्या वर आणि खालच्या टाकीत शून्य, तर टाकीतलं काहीतरी क्लोरीन खातंय. गाळ असेल, शेवाळ असेल नाहीतर झिरपलेलं सांडपाणी. इनलेटलाच शून्य असेल तर तारीख, वेळ आणि आकडा लिहून विभाग कार्यालयात त्याच दिवशी कळवा. 'पाणी खराब येतंय' या तक्रारीपेक्षा 'सकाळी ६.१० ला इनलेटला क्लोरीन शून्य' या ओळीवर कनिष्ठ अभियंता लवकर हलतो. चाचणी केलेलं पाणी मात्र ओतून द्या, पिऊ नका.

टाकी धुणं सहा महिन्यांतून एकदा, आणि त्यातलं एक पावसाळ्याच्या आधी. नुसतं प्रेशरने पाणी मारून होत नाही. पाणी काढा, तळाचा गाळ सक्शनने किंवा सुपलीने पूर्ण बाहेर काढा, भिंती आणि छताची खालची बाजू ब्रशने घासा, ते पाणीही काढून टाका. मग निर्जंतुकीकरण. पूर्ण टाकी कडक क्लोरीनने भरून ओतून देणं इथे परवडणारं नाही, म्हणून भिंतींना द्रावण लावायची पद्धत घ्या. २० लिटर पाण्यात २५ टक्के क्लोरीनची १६ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घातली की २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरचं द्रावण होतं. ते सगळ्या आतल्या बाजूंना लावून अर्धा तास ठेवा, धुऊन काढा, मग भरा. टीसीएलचं पाकीट उघडं राहिलं की ताकद उडते. जुनी, दमट, गोळे झालेली पावडर घालणं म्हणजे चुना घालणं.

दोन गोष्टींत जीव जातो. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो. झाकणं उघडून, पंख्याने हवा खेळवून, कमरेला दोरी आणि वर दोन माणसं असल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नका. आतला बेशुद्ध पडला म्हणून बिनदोरीने दुसऱ्याने उतरायचं नाही, तोही तिथेच पडतो. दुसरी गोष्ट, फरशी साफ करायचं ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद टाकीत तो मारतो. कंत्राटदाराला ॲसिड आणूच देऊ नका.

नव्या टॉवरांमध्ये फ्लशसाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वेगळ्या लाइनने फिरतं. कधी प्लंबर पाणीटंचाईत दोन लाइन जोडून देतो आणि विसरतो. गच्चीवरच्या पिण्याच्या टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करा आणि स्वयंपाकघरातला नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी संपल्यावरही धार चालू राहिली, तर पाणी दुसरीकडून येतंय. वर्षातून एकदा हे करून बघाच.

घोडबंदर रोडवर टँकर रोजचा झालाय. टँकर रिकामा करण्याआधी ओटी करा. क्लोरीन नसेल तर ते पाणी पिण्याच्या टाकीत घ्यायचं नाही, वापराच्या टाकीत घ्या. दुसरी टाकीच नसेल, तर १०,००० लिटरला २५ टक्क्यांची ८० ग्रॅम टीसीएल बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी टाकीत ओता आणि अर्ध्या तासाने पुन्हा ओटी करा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्यावं लागतं, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. तुरटीने मात्र जंतू मरत नाहीत. कारखान्यांच्या किंवा कचराभूमीच्या जवळच्या बोअरचं पाणी कितीही उकळलं तरी पिऊ नका. जड धातू आणि नायट्रेट उकळल्याने जात नाहीत, पाणी आटलं की उलट त्यांचं प्रमाण वाढतं.

याच जिल्ह्यात शहापूर तालुका आहे. भातसा, तानसा, वैतरणा तिथल्या आणि पाणी मुंबई-ठाण्याला. तिथले पाडे मात्र उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात, आणि तेच सर्वांत धोक्याचं पाणी. ग्रामपंचायतींना स्वच्छता सर्वेक्षणानंतर लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं; लाल म्हणजे पाण्याचा धोका जास्त, हिरवं म्हणजे कमी. आपल्या गावाचं कार्ड कोणतं ते ग्रामपंचायतीत विचारा. विहिरीसाठी हिशेब असा: व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर खोल, तर ३.१४ × २ × २ × ३, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरली तर १९० ग्रॅम टीसीएल. बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. तासाभराने ओटी करून मग पाणी भरा. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न आणखी वेगळा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइड, अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार. तिथे क्लोरीनचा उपयोग फक्त जंतूंपुरता, आणि आरओची गरज खरी तिथे आहे.

शेवटी प्रयोगशाळेचा अहवाल. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन आधीच घातलेलं असतं. बाटली विसळू नका. नळाची जाळी काढा, तोंड ज्योतीने तापवा, दोन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. वर थोडी जागा ठेवा. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही चालत नाही. पण कावीळ झालेल्या इमारतीत अहवाल स्वच्छ आला म्हणून सुटलो असं धरू नका. काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, ई प्रकारात, म्हणजे हिपॅटायटिस ई मध्ये, कधी दहाही. आजचा नमुना दीड महिन्यापूर्वीचं पाणी दाखवत नाही. त्या काळात रस्ता खणला होता का, ड्रेनेज तुंबलं होतं का, टँकर आला होता का, हे वॉचमनच्या वहीत शोधा. आणि इमारतीत गरोदर बाई असेल तर अहवालाची वाट न बघता तिच्यासाठी पाणी उकळायला लागा. ई प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं वापरा.