लँगोलेनला मुलांचं पथक नेताना

वेल्समधलं लँगोलेन हे डी नदीकाठचं लहानसं गाव. इथे १९४७ पासून आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो. १९५५ साली एकोणीस वर्षांचा पावारोत्ती, पुढे जगभर गाजलेला ऑपेरा गायक, वडिलांबरोबर इटलीतल्या मोदेनाच्या गायकवृंदात इथे गायला, आणि त्या वृंदाने पहिला नंबर मारला.

महोत्सव जुलैत, म्हणजे आपल्याकडे शाळा सुरू झाल्यावर. रजेची पत्रं आधीच घेऊन ठेवावीत. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी करता येत नाही, आणि निकालाला साधारण तीन आठवडे जातात. विमानाची जागा मात्र त्याआधीच धरावी लागते. म्हणून प्रवाशांची नावं मागाहून देता येतात असंच ग्रुप तिकीट घ्यावं.

आम्ही पैशांचा हिशेब नावांच्या यादीपासून सुरू करतो. चोवीस मुलांमागे चार मोठी माणसं धरली आणि त्यांचा खर्च मुलांवर वाटला, तर प्रत्येकाची वर्गणी सहाव्या हिश्श्याने वाढते. पालकांच्या सभेत हे पहिल्याच दिवशी सांगावं, नाहीतर मेमध्ये भांडणं होतात. टूर कंपनीला पैसे प्रत्येक पालकाने स्वतःच्या पॅनवर भरावेत. सगळी रक्कम एकाच्याच खात्यातून गेली, तर टीसीएस (परदेश सहलीच्या पैशांवर कंपनी आगाऊ वसूल करते तो आयकर) त्याच्या एकट्याच्या नावावर चढतो, आणि परताव्यासाठी रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागतं.

मुलाच्या अर्जात ‘मोठ्यांसोबत’ असं भरलं, की व्हिसावर जास्तीत जास्त दोन मोठ्यांची नावं येतात. त्यातलं कोणीच सोबत नसेल, तर मुलाला विमानतळावर अडवू शकतात. म्हणून गळण्याची शक्यता असलेल्या शिक्षकाचं नाव तिथे नको. पालकांचं लेखी संमतिपत्र हातातल्या बॅगेत ठेवावं.

उतरायचं मँचेस्टरला. गावात मुख्य मार्गावरचं स्टेशन नाही, सगळ्यात जवळचं रुआबन. पण पेट्या घेऊन गाड्या बदलण्यापेक्षा विमानतळावरूनच बस ठरवलेली परवडते. लंडनहून निघालात तर चार-पाच तास रस्त्यात जातात.

बॅगेची मर्यादा बऱ्याच विमान कंपन्यांत २३ किलो. स्केलचेंजर पेटी (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी हार्मोनियम) डब्यासकट त्याच्या आसपास जाते, म्हणून साधी पेटी न्यावी. लेझीम आणि टाळ चेक-इन सामानातच. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर लागतो.

आणि तिथे जुलैतही पाऊस पडतो, हवा दमट असते. तबला उतरतो, ढोलकीची पानं सैल पडतात. ड्रायरची ऊब लांबूनच, कडेकडेने द्यावी. शाईवर, म्हणजे पानावरच्या काळ्या लेपावर, थेट मारली तर तिला तडे जातात.