एक कीबोर्ड-माउस, दोन कॉम्प्युटर
मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये टेबलावर दोन कीबोर्ड मावत नाहीत. डेस्कफ्लो हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही कॉम्प्युटरवर टाका. कीबोर्ड-माउस ज्याला जोडलाय तो सर्व्हर, दुसरा क्लायंट. सर्व्हरवर दुसरी स्क्रीन कोणत्या बाजूला आहे ते ठरवलं आणि क्लायंटमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) भरला की कर्सर स्क्रीनच्या कडेवरून सरळ पलीकडे जातो.

जोडणी होत नसेल तर बहुतेकदा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा प्रोग्राम, आडवा येतो. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट २४८०० (डेस्कफ्लोची ये-जा करायची वाट) उघडा. काल चाललं आणि आज नाही? राउटर बंद-चालू झाल्यावर सर्व्हरचा आयपी बदललेला असू शकतो, तो राउटरच्या सेटिंगमध्येच राखून ठेवा, म्हणजे बदलणार नाही. कर्सर एकाच स्क्रीनवर अडकला? स्क्रोल लॉक दाबून बघा.

बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) मात्र हे चालत नाही, कारण सॉफ्टवेअर तोवर सुरूच झालेलं नसतं. तिथे लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारा, बटण दाबून कीबोर्ड-माउस एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेणारा यूएसबी स्विचच हवा.