सोमवारची शिफ्ट, काटा आणि पाणी
आज दोन दिवसांच्या खंडानंतरचं डायलिसिस, त्यामुळे काट्यावर सगळेच फुगलेले. एका पेशंटचं ड्राय वेट (जादा पाणी काढून टाकल्यावरचं वजन) ६० किलो, जादा पाणी ३.८ लिटर, वेळ ४ तास: म्हणजे किलोमागे ताशी जवळपास १६ मिली पाणी ओढायचं. १३ च्या वर मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो. शिवाय शेवटच्या तासात बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. वेळ वाढवा, नाहीतर एक बैठक जादा घ्या.

खरा घोळ वेगळाच. पेशंटचं जेवण तुटतं, मांस झडतं, काटा मात्र तोच, कारण ती जागा पाण्याने घेतलेली. घोट्यावर अंगठा दाबून खळगा पडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काही लिटर साठेपर्यंत सूज दिसतच नाही. झोपताना दम लागून दुसरी उशी लागते का, विचारा. जमल्यास बायोइम्पीडन्स (सौम्य विजेच्या प्रवाहाने अंगातलं पाणी मोजणारी तपासणी) करा. ड्राय वेट उतरवायचं तर दर बैठकीला २००-३०० ग्रॅमच. आणि हो, लोणचं-पापड चालू ठेवून ‘पाणी कमी प्या’ सांगणं फुकट, मिठाने तहान लागणारच!