मुले मला मावशी म्हणतात

‘ही मुले तुम्हाला आईच म्हणत असतील, नाही?’ हा प्रश्न मला चवथीला गावी गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसलेले नातलग विचारतात, गोव्यातल्या म्हार्दोळच्या जत्रेत भेटलेल्या मैत्रिणी विचारतात आणि आमच्या बालगृहाला तांदूळ-कडधान्य द्यायला आलेली मंडळीही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, हे मला कळते. म्हणूनच तुम्हीही तोच प्रश्न विचारलात तेव्हा नुसते ‘नाही’ म्हणून विषय संपवणे मला बरे वाटले नाही.

मुले मला मावशी म्हणतात. एखादे लहान मूल झोपेत किंवा तापात आई म्हणून हाक मारते, तेव्हा मी त्याला जवळ घेते आणि ‘मावशी आहे हां इथे’ असे सांगते. बालगृह म्हटले की अनाथ मुले, अशी पुष्कळांची समजूत असते. पण आमच्याकडच्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील, निदान आजी तरी आहे. कोणाची आई महिनोन्‌महिने इस्पितळात असते, कोणाच्या घरात दारूमुळे रोज मारहाण होते, कोणी मडगावच्या रेल्वे स्टेशनवर एकटे सापडते. अशा मुलाला २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे २४ तासांच्या आत, मुलाने कुठे राहावे ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते, १५ दिवसांत घरची चौकशी पुरी करायची असते आणि मूल समितीपुढे आल्यापासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश अपेक्षित असतो. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आणि त्याला आपल्या कुटुंबात परत जाण्याचा हक्क आहे, हे त्याच कायद्यात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात पुष्कळ मुले आमच्याकडे वर्षानुवर्षे राहतात, काही तर अठरा वर्षांची होईपर्यंत. तरीही मी ज्या घरात काम करते ते घर मुलाने सोडून जावे यासाठीच आहे, ही गोष्ट मला रोज सकाळी स्वतःला सांगावी लागते.

काम मात्र आईचेच असते. साडेपाचला उठून उकड्या तांदळाची पेज चढवायची, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की पाव घ्यायचे, दप्तरे, गणवेश, उवा, खरूज, गृहपाठ. रात्रपाळीला तीनच्या सुमारास कोणीतरी अंथरूण ओले करून भिंतीला टेकून उभे असते. तेव्हा दिवा न लावता, एक शब्दही न बोलता चादर बदलायची, म्हणजे बाजूच्या मुलांना सकाळी काही कळत नाही. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले नव्हते. माझ्याआधी अनेक वर्षे हे काम केलेल्या बाईंचे पाहून मी शिकले.

पहिल्या वर्षी माझी एक चूक झाली. तीन वर्षांचा एक मुलगा मला आई म्हणू लागला आणि मला ते इतके गोड वाटले की मी त्याला तसेच म्हणू दिले. सात महिन्यांनी त्याची खरी आई बरी होऊन भेटायला आली. त्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि ‘आई, आई’ करत माझ्या साडीमागे लपला. त्या बाईने त्याला ओढले नाही, ती मला काही बोललीही नाही. आणलेली केळी टेबलावर ठेवून ती हात पुसत बसली. माझ्या हौसेची किंमत तिने मोजली होती. त्या दिवसापासून ते नाव मी घेतले नाही.

आईची जागा राखायची, ती मोकळी आहे असे समजून आपण तिथे बसायचे नाही, एवढेच मला या कामातले समजले आहे. एका शाळेत ‘माझी आई’ हा निबंध आला तेव्हा बाईंनी आमच्या मुलाला दयेने सांगितले की तू मावशीवर लिही. तो घरी येऊन रडला, कारण त्याला आईवरच लिहायचे होते, आणि लिहिण्यासारखे त्याच्याजवळ खूप होते.

एका मुलीची गोष्ट सांगते. (मुलांची ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे आणि ते योग्यच आहे, म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ती आठ वर्षांची होती आणि केसांना कोणाला हात लावू देत नसे. आठवडाभर केस तसेच गुंतत राहिले. तिची आई बांधकामावर मजुरी करायची, मूळची उत्तर कर्नाटकातली. ती भेटायला आली तेव्हा मी तिला विचारले, ‘तुम्ही हिची वेणी कशी घालता, मला दाखवाल?’ ती आधी बिचकली. मग तिने लेकीला पुढ्यात बसवले, खोबरेल तेल तळहातावर चोळले, आणि तीनऐवजी चार पेड घेऊन डावीकडचा पेड दोघांच्या खालून कसा काढायचा ते मला तीन वेळा करून दाखवले. चौथ्या वेळी मी घातली. मुलीने मागे हात नेऊन वेणी चाचपली आणि म्हणाली, ‘थोडी सैल आहे.’ त्यानंतर दीड वर्ष रोज सकाळी मी तिच्या आईची वेणी घालत होते.

गेल्या मे महिन्यात समितीच्या आदेशाने ती घरी गेली. आई न्यायला आली तेव्हा मी नेहमीपेक्षा नीट वेणी घातली होती. कार्यालयात कागद पुढे केले. आईने पेन हातात घेतले, पुन्हा खाली ठेवले, मुलीला आपल्याकडे पाठ करून उभे केले आणि मी घातलेली वेणी सोडायला घेतली. मी आत जाऊन फणी आणून दिली.