आमची वाटचाल : कानशीला हात लावण्याआधी

क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा एक व्हाइस, चार कानशी आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना एवढंच हाताशी होतं. आता मी आणि माझी मुलगी बसतो.

गिऱ्हाइकं आमच्याकडे सर्वांत जास्त एकाच तक्रारीसाठी येतात : दुनळी, म्हणजे काडतूस घालायला नळ्या खाली झुकवायची दोन नळ्यांची बंदूक, उघडायला जड जाते. या कामात माझ्या हातून सुरुवातीलाच मोठी चूक झाली. वडील गावी गेले होते आणि बारा बोरची एक जुनी दुनळी आली. मी सरळ नळ्यांखालचा हूक, म्हणजे बिजागरीच्या पिनेवर अडकणारा भाग, घासला. बंदूक अलगद उघडायला लागली, मी खूश. वडिलांनी परत आल्यावर ती बंद करून दिव्यासमोर धरली. नळ्यांच्या मागच्या फटीतून उजेड आला, म्हणजे बंद असूनही नळ्या मागे घट्ट टेकत नव्हत्या. ते एक शब्द बोलले नाहीत. हुकावर धातू भरून तो पुन्हा बसवला आणि गिऱ्हाइकाकडून पैसा घेतला नाही.

तेव्हापासून बंदूक रिकामी आहे ना हे पाहायचं आणि मग आधी विचारायचं, ही दुकानाची रीत झाली. रिकामी असतानाही जड जाते, की बार काढल्यावरच?

सावंतवाडीकडचे एक काजू बागायतदार आले होते. डुकरांचा त्रास, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. म्हणाले, "गुडघ्यार आपटल्याशिवाय उघडणा नाय." विचारल्यावर कळलं की फक्त उजवी नळी उडवली की अडते. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी पिन, काढून भिंगाखाली धरली. टोकाला बारीकशी कोर उठली होती, ती काडतुसाच्या कॅपमध्ये रुतून बसत होती. तेलाच्या दगडावर टोक गोल केलं, काम संपलं.

रिकामीच जड असेल तर पुढचं लाकूड, म्हणजे फोरएंड, काढून पाहतो. १८७५ च्या अँसन-डीली पद्धतीच्या बंदुकीत नळ्या खाली झुकल्या की आतले घोडे चढतात, त्यामुळे थोडा जोर लागणारच. फोरएंड काढल्यावर ती सहज उघडली, तर दोष घोडे चढवणाऱ्या भागात किंवा फोरएंडच्या सांध्यात. तरीही अडली, तर बिजागरी आणि बंदूक बंद धरून ठेवणारा बोल्ट तपासायचा. बहुतेक वेळा तिथे घरातलं गोडेतेल सुकून चिकटा झालेला असतो. रॉकेलने धुऊन ग्रीसचा हलका हात दिला की पुरतं. एवढ्यानेही सुटलं नाही, तर हुकावर दिव्याची काजळी धरून बंदूक दोनदा उघडबंद करतो. काजळी पुसली जाते तिथेच घासतंय. तेवढ्याच ठिकाणी, तेही पॉलिश कागदाने. हा काजळीचा भाग आता मुलगी माझ्यापेक्षा सफाईने करते.

निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका परत मिळाल्या की आमच्याकडे रांग लागते. पावसाळ्याआधी आणलीत तर निवांत पाहता येईल. येताना मूळ परवाना सोबत असू द्या, त्याशिवाय आम्ही बंदूक हातात घेत नाही.