एक शब्द, सात दिवस, एक फोटो: माझा अनुभव

मी भाग घेतो त्या साप्ताहिक फोटो उपक्रमात दर सोमवारी एक शब्द येतो. ‘सावली’, ‘पांढरा’, ‘पोत’, ‘हालचाल’, असं काहीही. रविवारी रात्रीपर्यंत त्यावर एकच फोटो द्यायचा, तोही त्याच आठवड्यात काढलेला. वर्षाचे ५२. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (प्रकाश टिपणारा भाग आकारानं लहान असलेला) जुना कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि एक ५० एमएम एफ/१.८ लेन्स एवढंच सामान आहे (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). पण सामान कमी म्हणून आठवडा बुडत नाही. शनिवारी संध्याकाळी ‘आता काय काढू’ म्हणत बाहेर पडलं की बुडतो.

म्हणून सोमवारीच कागद घ्यायचा. शब्दावरून सुचतील त्या दहा वस्तू लिहायच्या आणि पहिल्या तिन्हींवर काट मारायची, कारण त्या सगळ्यांनाच सुचतात (‘लाल’ म्हटलं की मिरची, कुंकू आणि एसटी). उरलेल्या सातांपुढे जागा लिहायची आणि तिथं ऊन किती वाजता, कुठल्या बाजूनं येतं तेही. आपल्याकडे उन्हाळ्यात नऊनंतरचं ऊन माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं. त्यामुळे हातात सकाळचा दीड तास आणि संध्याकाळचा तेवढाच, असा हिशेब धरतो.

‘पांढरा’ या शब्दाला वेचणीच्या दिवसांत कापसाशिवाय पर्याय नाही. इथंच बहुतेकांचा फोटो फसतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून प्रकाश मोजतो. चौकट भरून फुटलेली बोंडं घेतली की कापूस मळकट येतो. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मापापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) +१ ते +१.३ करावं लागतं. आणि तेच एकटं बोंड वरून, काळ्या मातीवर घेतलं की उलटं होतं. चौकटीत माती जास्त, म्हणून मीटर सगळंच उजळवतो आणि बोंडाचा सपाट पांढरा ठिपका उरतो, एकही तंतू दिसत नाही. तिथं -०.७ किंवा -१. बोंड तेच, वावर तेच, दुरुस्ती मात्र विरुद्ध. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा; डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) डोंगर उजव्या कडेला टेकता कामा नये, एवढं बघत राहायचं. तंतू हवे असतील तर आठच्या आत, सूर्य बोंडामागे ठेवून, कॅमेरा बोंडाच्या उंचीवर आणून काढायचं. गुडघे मळतात, इलाज नाही.

‘पोत’ला भेगाळलेली काळी माती. ऊन तिरपं असेपर्यंतच भेगेची एक कड उजळ आणि दुसरी काळी दिसते. दुपारी तीच जमीन नकाशासारखी सपाट वाटते. एफ/८ पुरतं.

‘सावली’ मे महिन्यात आली तर सावली नसण्याचाच फोटो काढता येतो. लातूर-धाराशिवकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि छत्रपती संभाजीनगरकडे तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सूर्य थेट डोक्यावर येतो, घड्याळात सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. सपाट फरशीवर तांब्या उभा ठेवायचा आणि वरून टिपायचा. कॅमेऱ्याची स्वतःची सावली चौकटीत पडते, हे तिथं गेल्यावरच कळतं. मग जरा बाजूला सरकून तिरपं घ्यावं लागतं.

‘हालचाल’ म्हणून मोंढ्यात सोयाबीनचं पोतं रिकामं होताना टिपायला गेलं की वेगळीच भानगड. शेडमधल्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा उघडझाप करतात. डोळ्याला कळत नाही, पण शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवला की फोटोवर आडवे काळसर पट्टे उमटतात, सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर लावलं तर आणखी ठळक. त्या उजेडात १/१०० किंवा १/५० वरच राहायचं. १/५० ला पडणारे दाणे रेघांसारखे ओढले जातात आणि हमाल स्थिर उभा असेल तर नीट येतो; या विषयाला ते उलट बरंच. दाणा न् दाणा हवेत गोठवायचा असेल तर शेडच्या तोंडाशी, उन्हाच्या उजेडात, १/१००० ला. अडत्याला आणि हमालाला आधी विचारायचं, फोटो मागाहून.

‘पुनरावृत्ती’ला वेरूळचं दहावं लेणं: छताला लाकडी वासे वाटाव्यात अशा दगडी फासळ्या. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणून दुपारनंतर जायचं, आणि मंगळवारी नाही, त्या दिवशी बंद असतात. ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून १८ एमएम, १/३०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, कोपरं छातीशी घट्ट आणि एका दमात चार फोटो. चारांत एक तरी न हललेला निघतोच.

धुळीचंही सांगून ठेवतो. वावरात लेन्स बदलली की सेन्सरवर कण बसतो, एफ/१.८ ला तो दिसत नाही, एफ/१६ ला आभाळात ठिपका होऊन दिसतो. रविवारी पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला एक फोटो काढून तपासायचं आणि कॅमेरा उलटा धरून ब्लोअरनं (हवा मारणाऱ्या रबरी फुग्यानं) उडवायचं, तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते.

निवड करताना उरलेले तीन-चार फोटो मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढे करून बघतो. पाहणारे तसेच बघणार असतात. त्या आकारात बोंड कुठलं आणि आभाळ कुठलं हे कळेना झालं, तर मूळ फोटो कितीही आवडता असो, दुसरा घेतो.