ओटीजीतली सुरमई

इंग्लंडात लीड्सला गेल्यावर पहिली दोन वर्षं आमच्या ओव्हनमध्ये कढया आणि पोळपाट राहत होते. ओव्हन म्हणजे केक आणि केक म्हणजे वाढदिवस, एवढंच डोक्यात. शेजारची बाई मात्र आठवड्यातून दोनदा त्यात हॅडॉक भाजायची. मासा कुरकुरीत, आणि जिन्यात तळणाचा वास नाही. तिच्याकडून शिकले, पण ती विद्या पुण्यात कामी येईल असं वाटलं नव्हतं.

यंदा तीन आठवडे सदाशिव पेठेत होते. (हो, सदाशिव पेठेत मासे. आम्ही मूळचे मालवणचे.) बाबांचं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडं थकलीत. डायलिसिस नाही, पण मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि त्यातच ब्रेड, बिस्किटं सगळं आलं. तळलेली सुरमई बंद म्हटल्यावर बाबांनी ताटाकडे बघणंच सोडलं होतं.

मी मोठ्या कौतुकानं तिकडून ‘कमी सोडियमचं’ मीठ नेलं. आहारतज्ज्ञ बाईंनी डबी उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं माझ्यासमोर धरली: पोटॅशियम क्लोराइड. मूत्रपिंडं थकली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. अकरा वर्षं परदेशात पाकिटं वाचतेय म्हणून मिरवणारी मी, गप्प बसले. तिकडे पाकिटावर मीठ ग्रॅममध्ये छापतात, इथं सोडियम मिलिग्रॅममध्ये. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण 1 ग्रॅम मीठ. आईनं हे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलं.

सुरमई गणेश पेठेतून आणली. पाकिटातले गोठवलेले फिले मुद्दाम टाळले. मासा पाणी धरून ठेवावा म्हणून त्यांना कधीकधी फॉस्फेट लावतात, आणि असं वरून घातलेलं फॉस्फेट माशातल्या मूळच्या फॉस्फरसपेक्षा कितीतरी जास्त अंगात शोषलं जातं; थकलेल्या मूत्रपिंडांना ते नीट बाहेर टाकता येत नाही. बाबांना 100 ग्रॅमची एकच तुकडी. त्यात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि बाबांना प्रथिनंही मोजूनच, म्हणून त्या दुपारी आमटीला रजा. (हे माप बाबांच्या रिपोर्टवरून ठरलेलं. तुमच्याकडचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

आई सवयीनं कोकमाच्या आगळाची बाटली काढायला गेली. आगळात मीठ मुरलेलं असतं, म्हणून लिंबू. लिंबाचा रस, हळद, ठेचलेला लसूण, भरपूर मिरपूड, धनेपूड, चिमूटभर तिखट. मीठ शून्य.

पहिला घाणा फसला. रवा लावून तुकड्या ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, ठेवल्या, तर बाहेर आल्या पांढऱ्याफटक, वर कोरडा रवा, खाली चिकट. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. मग आठवलं, शेजारीण ब्रेडचा चुरा आधी तव्यावर परतायची. ओव्हनमध्ये कढईसारखं तेल नसतं, रंग आणि खमंगपणा आधीच आणावा लागतो. बारीक रवा आणि थोडी तांदळाची पिठी चमचाभर तेलात बदामी होईपर्यंत परतली. तुकड्या फडक्यानं टिपून अगदी कोरड्या केल्या, कारण ओला मासा भाजला जात नाही, वाफवला जातो. रवा दाबून लावला आणि तुकड्या ट्रेवर न ठेवता जाळीवर ठेवल्या, म्हणजे खालूनही गरम हवा लागते. आधी तापवलेल्या ओटीजीत 220 अंशांवर 14 मिनिटं.

काट्याजवळचा भाग सुटून आला तेव्हा आवाज झाला, बारीक, पापड मोडल्यासारखा. बाबांनी वर बघितलं.

“तळलीस?”

“नाही हो बाबा.”

दुसरा घास घेईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मीठ कमी आहे.” आणि लिंबाची फोड ओढून तुकडीवर पार साल दुमडेपर्यंत पिळली. शेवटी ताट पुढे सरकवून विचारलं, “त्या जाळीखाली चुरा पडला असेल ना गं?”

पडला होता. चमच्यानं खरवडून दिला.